टाच दुखते ती उगाच नव्हे

‘मुलाला चॅम्पियन करायचंय? हे पाच नियम पाळा’ हा फॉरवर्ड पालकांच्या ग्रुपांवरून फिरत फिरत परवा आमच्या वहिनींच्या फोनवर येऊन पोचला. आता नऊ वर्षांच्या पुतण्याचं पोहणं बंद करून त्याला बाराही महिने फुटबॉलला जुंपायचं घाटतंय. म्हणून हे लिहिणं आलं.

सगळ्यात घातक आहे तो तिसरा नियम: ‘पाय दुखले तरी थांबवू नका, वाढीचं दुखणं पळूनच जातं.’ साफ खोटं. वाढीचं दुखणं बहुधा संध्याकाळी किंवा रात्री येतं, दोन्ही पोटऱ्यांत नाहीतर मांड्यांत, आणि सकाळी पोर उड्या मारत शाळेत जातं. खेळताना टाच दुखते, पोर चवड्यांवर चालू लागतं, ते प्रकरण वेगळं. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाचं मागचं टोक मुख्य हाडाला नुसत्या कूर्चेच्या (हाड न झालेल्या, लवचिक भागाच्या) पट्टीने जोडलेलं असतं. पोटरीचा स्नायू नेमका तिथंच ओढ देतो आणि तो जोड दुखावतो. त्यात पावसाळा सरल्यावर दगड झालेलं आपलं तांबडं मैदान आणि पातळ तळाचे स्टड, म्हणजे फुटबॉलचे खिळ्यांचे बूट! अंगठा आणि बोटाने टाच दोन्ही बाजूंनी दाबून बघा. पोर कळवळलं तर बहुधा हेच. लंगडणं जाईपर्यंत धावणं-उड्या बंद. पोहायला हरकत नाही. बुटात मऊ हील पॅड. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरीला ३० सेकंद ताण, प्रत्येक पायाला तीनदा. गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखतं तेही याच जातीचं. पण सूज, ताप किंवा एकाच पायाच्या दुखण्याने झोपमोड असेल तर घरगुती उपाय नकोत, हाडांचे डॉक्टर गाठा.

पहिला नियम, ‘सहाव्या वर्षी एकच खेळ निवडा’. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा २०१६ चा अहवाल नेमकं उलट सांगतो: एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवा, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्या आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेक महिना करून, तो खेळ थांबवा. जिम्नॅस्टिक्सचं गणित वेगळं, तिथं लवकर सुरुवात लागते, हे मान्य. लवकर खेळू लागण्याला कोणाची ना आहे? ‘एकच’ला आहे.

‘रोज कोचिंग म्हणजे व्यायाम झाला’ हा दुसरा. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. वीस पोरं एका रांगेत, चेंडू एक, प्रत्येकाला पंधरा सेकंद: पाळी यायला पाच मिनिटं, तासाला बारा किक. बाकी वेळ पोर उभं! त्याच मैदानात २५ बाय २० मीटरचे चौकोन आखा, चार विरुद्ध चार, गोलकीपर नको, आठ ते बारा वयाला चार नंबरचा चेंडू. रांगच उरत नाही.

‘बाराव्या वर्षापर्यंत राज्याच्या टीममध्ये नाही तर अभ्यासाला लावा’ म्हणे. मडगावचे दिलीप सरदेसाई १९५७ मध्ये सतराव्या वर्षी मुंबईला गेले, तिथं त्यांचं क्रिकेट खरं सुरू झालं, आणि १९७१ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध किंग्स्टनच्या कसोटीत २१२ काढले. पुढे बोलायला नको.

पाचवा, ‘पावसाळ्यात खेळ बंद’. पाऊस अंगावर पडून सर्दी होत नाही. पायाला जखम असताना साचलेल्या चिखलात अनवाणी खेळू नये, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून जखमेवाटे येणाऱ्या तापाची, भीती खरी आहे, तेवढं मानतो. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पाय नको. एरवी जून ते सप्टेंबर पोरांना सोफ्यावर बसवायचं कारण नाही. आणि वहिनी, पोहण्याची फी भरून टाका.