केळ्याच्या गराने कलम धरत नाही

घरी कलम बांधणाऱ्यांपर्यंत एक व्हिडिओ वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा पोचतो. त्यातले सांगणे थोडक्यात असे: कलमकाडीचे, म्हणजे हव्या त्या झाडाच्या फांदीच्या तुकड्याचे, कापलेले टोक केळ्याच्या गरात, मधात किंवा कोरफडीत बुडवा, मग कोणत्याही झाडावर कोणतेही फळ लावता येते, काडी मात्र खुंटाएवढीच, म्हणजे ज्यावर ती बांधायची त्या मुळांच्या झाडाएवढीच, जाड हवी, आठवड्याभरात पालवी दिसली की काम झाले. आणि तरीही कलम गेले, तर तुमच्या हाताला गुण नाही. मला हे शेवटचे सर्वांत जास्त खटकते. ते ऐकून अनेक जण पुन्हा चाकू हातात घेत नाहीत.

आधी गराचे पाहू. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियमचा पातळ थर असतो. वाढीच्या दिवसांत साल सोलली की बोटाला जो ओलसर बुळबुळीतपणा लागतो, तो तिथलाच. काडीचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांना टेकला की दोन्ही जखमांतून मऊ पेशी वाढतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांतूनच पाणी व अन्न नेणाऱ्या नव्या नलिका तयार होतात. सगळा खेळ टेकण्याचा आहे. मध्ये गराचा लेप आला की टेकणेच अडते. मधातली साखर तर कापलेल्या पेशींतले पाणी ओढून घेते. मुळे फुटण्याची पावडर लावणारेही आहेत, पण इथे मुळे नकोच आहेत. लेप लावायचाच असेल तर बांधून झाल्यावर, बाहेरून, मेणाचा. ओल टिकावी एवढ्यासाठी.

‘कोणत्याही झाडावर काहीही’ याला पुरावा म्हणून चाळीस फळांच्या झाडाचे चित्र जोडलेले असते. ते झाड खरे आहे. अमेरिकेतले कलाकार सॅम व्हॅन एकेन यांनी 2008 मध्ये तो प्रकल्प सुरू केला. पण त्या झाडावर पीच, प्लम, जर्दाळू, चेरी, बदाम अशीच मंडळी आहेत, सगळी प्रुनस या एकाच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या नात्यातली. म्हणजे हे चित्र दाव्याच्या उलटच साक्ष देते. आंबा कडुनिंबावर लागत नाही, कारण दोघांची कुळेच वेगळी. एका कुळातही भरवसा नसतो: क्विन्स या नासपतीच्या कुळातल्या फळझाडाच्या खुंटावर नासपतीच्या काही जाती छान वाढतात, काही मात्र नाही. क्विन्समधले प्रुनासिन हे द्रव्य वर चढते, नासपतीत त्याचे विघटन होऊन सायनाइड सुटते आणि सांधा मरतो. कधी कधी असा बेबनाव कित्येक वर्षांनी उघड होतो. भरात आलेले झाड वाऱ्यात नेमके सांध्यावरच, कापल्यासारखे मोडते.

जाडी सारखी असली तर सोपे जाते, एवढेच. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी एका कडेला सरकवून बसवा, म्हणजे निदान एका बाजूचे कॅम्बियम जुळेल. नजरेला बरे दिसते म्हणून काडी मधोमध बसवली जाते आणि दोन्ही कडा चुकतात. मी पाहिलेल्या घरगुती चुकांमध्ये ही सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत कमी लक्षात येते.

पालवीचा दावा मनाला फसवतो. काडीत साठवलेले अन्न असते. त्याच्या जोरावर काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, फुटतात, सांधा जुळलेला नसला तरी. साठा संपला की ती पाने माना टाकतात. पहिली पाने पूर्ण उलगडून नवी वाढ सुरू राहिली, तरच कलम लागले असे समजा. तोवर ‘बघू तरी’ म्हणून सांध्यावर बांधलेली पट्टी सोडू नका.

आता हाताचा गुण. बोथट पात्याने चार वेळा तासलेला काप उंचसखल होतो. दोन्ही तुकडे जोडून उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसला तर पुन्हा एकाच ओढीत कापा. कापलेल्या जागी बोट लावू नका. काडी झाडावरून काढल्याबरोबर पाने छाटून ओल्या फडक्यात गुंडाळा. डोळे वरच्या दिशेला आहेत ना, हे बांधण्याआधी पाहा, कारण पाने छाटलेली काडी उलटी बसणे अगदी सहज घडते. सांधा पक्का झाल्यावर पट्टी काढायला विसरू नका, नाहीतर वाढत्या खोडाला ती काचते आणि वरचा भाग वाळतो.

त्याच व्हिडिओंखाली आणखी एक तक्रार दिसते: कलम लावले गोड जातीचे, फळे आली आंबट, म्हणजे जात पालटली. बहुतेक वेळा जात पालटलेली नसते. वरची काडी कधीच मेलेली असते आणि सांध्याखालून फुटलेला खुंटाचा फुटवा झाड होऊन बसलेला असतो. सांधा कुठे होता ते शोधा आणि आता फळे देणारी फांदी त्याच्या वरून निघाली आहे की खालून, एवढे पाहा. नव्या कलमावर सांध्याखाली दिसणारा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच बुडापासून काढा.