ड्रम नुसता जाळला की झालं, असं नाही

नमस्कार,

ड्रमचा स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) कसा करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. भंगारातल्या ड्रमचा स्मोकर करून त्यात मांस शिजवायला सांगणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, मुंबईची हवा अशी असताना धुराची भर कशाला, आणि आपली मडक्यातली पोपटी असताना हे फॅड हवंच कशाला. तेव्हा लेख काढून टाका, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्यासारखा रसायनांच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस हे सांगतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ड्रमच्या बाबतीत मी तुमच्याहून कडक आहे. धारावीच्या १३ कंपाउंडात, म्हणजे भंगाराच्या वस्तीत, २०० लिटरचे ड्रम धुऊन, ठोकून, नवा रंग मारून विकायला येतात. बाहेरच्या निळ्या रंगावरून आत काय होतं ते कळत नाही. विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. कीटकनाशकाचा किंवा सॉल्व्हंटचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. आत टॉर्च मारा, खिळ्याने ओरखडा काढा. तांबूस पापुद्रा सुटला तर ते अस्तर आहे. ते नुसत्या जाळाने पुरतं जात नाही, आणि जाळताना त्याचा घाण धूर शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. पत्र्यावर चांदीसारखी चमक आणि फुलाफुलांची नक्षी दिसली तर तो जस्ताचा मुलामा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. निखारे त्याहून खूप जास्त तापतात. असा पत्रा वेल्ड करणाऱ्यांना विचारा, त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप कसा येतो ते सांगतील. म्हणून पैसे जास्त गेले तरी आतून कोरा, रिंगच्या झाकणाचा नवा ड्रम घ्यावा. जाळायचं ते त्याला आतून लावलेलं गंजरोधक तेल, बस.

धुराचं मात्र पटलं नाही. पांढरे लोट निघत असतील तर आग चुकीची पेटली आहे. बुडाजवळ पाऊण इंची तीन-चार भोकं, एकाला हवा कमी-जास्त करायला बॉल व्हॉल्व्ह, बाकीच्यांना टोप्या. झाकणावरची भोकं सदैव उघडी. आच कमी करायची ती खालची हवा तोडून. नवखे वरचं तोंड दाबतात, मग धूर आत कोंडतो आणि मांसावर कडू काळपट थर बसतो. जळण लोणारी, म्हणजे लाकडाच्या कोळशाचं. आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड चवीपुरतं. ११०-१२० अंशांवर आच स्थिर झाली की वरून जेमतेम निळसर रेघ दिसते. डुकराच्या खांद्याला या आचेवर आठ-दहा तास सहज लागतात, कारण त्यातलं चिवट कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला वेळ द्यावाच लागतो. घाई केली की चामडं चावावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, हा तुमचा दाखला रास्त आहे. रोजची भट्टी आणि सणावारी पेटणारा ड्रम यांत फरक आहे, पण म्हणून मी हात झटकत नाही. थंडीत हवा साचलेली असते तेव्हा शहरात ड्रम पेटवू नये, हे मी मनापासून सांगतो.

पोपटी माझा जीव की प्राण. पण मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी वाफेवर शिजते. धुरात मांस मुरवणं हे वेगळं काम आहे.

लेख काढणार नाही. लोक ड्रम घेतच राहणार. आत टॉर्च मारून बघा, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. चाळीच्या किंवा फ्लॅटच्या गॅलरीत मात्र हा प्रकार कुणीही करू नये, तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.