स्वस्त गाडी घेणाऱ्यालाही खरे ऐकण्याचा हक्क आहे

आज भाच्याबरोबर एक सेकंड हँड गाडी पाहायला गेले होते. त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना सुटीत राज्याची हद्द ओलांडून लांबचा प्रवास करायचा आहे, आणि चौघांनी मिळून साठवलेल्या पैशांत बसेल अशी गाडी ते शोधत आहेत. गाडी दिसायला बरी होती. “एकदा आमच्या माहितीच्या मेकॅनिककडे नेऊन रॅम्पवर चढवून पाहू द्या, तपासणीचे पैसे आम्ही देऊ,” एवढीच विनंती मी केली. त्यावर विकणारा गृहस्थ माझ्याशी न बोलता भाच्याकडे वळला आणि म्हणाला, “एवढ्या पैशांत गाडी हवी, आणि वर तपासणीही हवी?” पोरगा ओशाळला. “मावशी, राहू दे,” असे हळूच म्हणाला. त्याचा तो पडलेला चेहरा सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गाडीची किंमत कमी असते ती गाडी जुनी असते म्हणून. तिचा रंग उडालेला असतो, सीट फाटलेल्या असतात, काचा वर-खाली करताना त्रास होतो, आणि हे सगळे घेणारा उघड्या डोळ्यांनी स्वीकारतो. पण ब्रेकची खरी अवस्था काय आहे हे दडवण्याची सूट त्या कमी किमतीत कुणी विकणाऱ्याला दिली? ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत त्याने प्रश्नही कमी विचारावेत, ही समजूत मला संतापजनक वाटते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांनाही ती तशीच वाटेल याची मला खात्री आहे.

माझ्या या संतापामागे एक जुनी घटना आहे. अनेक वर्षांपूर्वी माझ्या भावाने अशीच एक स्वस्त गाडी घेतली होती. आईला घेऊन आम्ही शेजारच्या राज्यात निघालो होतो. भावाने घेण्यापूर्वी ब्रेकबद्दल स्पष्ट विचारले होते, आणि विकणाऱ्याने “ब्रेकचे सगळे काम करून घेतले आहे” असे सांगून चाकाच्या फटीतून नवे कोरे ब्रेक पॅड दाखवले होते. आम्ही कुठे जाणार आहोत, हे त्याला माहीत होते. घाटाचा रस्ता चांगला आहे, आरामात जाल, असे त्यानेच आम्हाला सांगितले होते. त्याच घाटाच्या लांबलचक उतारावर, निम्मे अंतर उतरून झाल्यावर, भावाच्या पायाखालचे ब्रेकचे पेडल मऊ पडले आणि पुढच्या वळणापर्यंत थेट तळाला जाऊन टेकले. त्याने गाडी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणि मग पहिल्यात टाकली, हँडब्रेक थोडा थोडा ओढत नेला आणि रस्त्याकडेच्या खडीत चाके घालून गाडी थांबवली. आईने मागून माझा खांदा इतका घट्ट धरला होता की तिची बोटे मला सोडवावी लागली.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक झाले. हे असे का होते, ते नंतर समजले. पेडलवरचा पायाचा जोर नळ्यांतून चाकापर्यंत नेणारे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मात्र हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. गाडी थंड झाली की सगळे जागच्या जागी येते. म्हणूनच गल्लीतून एक चक्कर मारून हा दोष कधीही कळत नाही, आणि म्हणूनच तपासणी नाकारणाऱ्याचा मला इतका राग येतो. पॅड नवे होते, हे भावाला गाडी विकणाऱ्याने खरेच सांगितले होते. ऑइल मात्र वर्षानुवर्षे बदललेले नव्हते; डबीचे झाकण उघडले तेव्हा आत कोऱ्या चहाच्या रंगाचे काहीतरी होते. भावाने फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “पॅड बदललेत असेच मी सांगितले होते.” दिसणारी वस्तू बदलायची आणि न दिसणारी तशीच ठेवायची, याला मी अर्धवट सत्यही म्हणणार नाही. ही फसवणूकच आहे, आणि तीही तीन माणसांच्या जिवावर उठणारी.

विकणाऱ्याला प्रत्येक वेळी सगळे माहीतच असते असे नाही, हे मान्य. पण माहीत नसेल तर तसे म्हणावे आणि पाहू द्यावे. “मला माहीत नाही” या उत्तराने आजवर कुणाची गाडी विकायची राहिलेली नाही.

आज त्या गृहस्थाने आणखी एक गोष्ट केली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम होते. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना पहिल्या किल्लीला कशी सुरू होते, सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे का, हे घेणाऱ्याला पाहायचे असते; आधीच इंजिन तापवून ठेवले की ते दिसत नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा किल्ली फिरवताच लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागलाच नाही, तर बल्ब गेलेला असतो किंवा कुणीतरी मुद्दाम काढलेला असतो. मीटरवर किलोमीटर कमी दिसत असताना क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर मीटरपेक्षा त्या रबरावर विश्वास ठेवावा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. ३११७ म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. आज मी वाकून ते आकडे वाचू लागले तेव्हा त्या गृहस्थाने “टायरला नक्षी भरपूर आहे” असे मला ऐकवले. नक्षी असेलही, पण रबर गाडी उभी असतानाही म्हातारे होते, आणि बारीक चिरा पडलेला टायर भर उन्हात, चार माणसे आणि त्यांचे सामान घेऊन, तासन्तास वेगाने पळवण्याच्या लायकीचा नसतो. स्टेपनीचे आकडे तर कुणी पाहतच नाही, आणि नेमकी तीच गाडीतली सर्वांत जुनी वस्तू असते.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण त्या घाटाच्या पायथ्याचा मेकॅनिक आठवला. आम्ही परक्या राज्यातले, घाबरलेले, सोबत वयस्क आई. आमच्याकडून तो हवे तेवढे पैसे उकळू शकला असता. त्याने ब्रेक ऑइल बदलले, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली आणि मग भावाला खाली वाकायला लावून मागच्या चाकाच्या ब्रेक सिलेंडरपाशी आलेला ओलसरपणा दाखवला. “हे आज लगेच दगा देणार नाही, पण परतीच्या वाटेवर घाट आहे, तेव्हा आताच बदला असे मी म्हणेन. नको असेल तर तुमची मर्जी,” असे तो म्हणाला. आम्ही तो सिलेंडर बदलून घेतला, पुढचा सगळा प्रवास त्याच गाडीने केला, आणि ती गाडी नंतरही कित्येक वर्षे आमच्याकडे होती. म्हणून जुन्या गाडीला नावे ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. जुनी गाडी घेऊन तरुण पोरांनी जरूर दूर जावे, हप्त्यांच्या ओझ्याखाली न दबता जावे. त्यांना फक्त गाडीची खरी अवस्था ठाऊक असली पाहिजे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला होता, आणि या प्रकारच्या कामासाठी त्यांना २००१ साली इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले. विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असली की घेणारा प्रत्येकच गाडीला वाईट धरून कमी भाव देतो, आणि मग चांगली गाडी असणारा माणूस बाजारातून निघून जातो. म्हणजे आज ज्याने माझ्या भाच्याला गप्प केले, तो नीट ठेवलेली गाडी विकू पाहणाऱ्या प्रामाणिक माणसाचेही नुकसान करतो आहे. हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगायला हवे होते. मी सांगितले, आणि आम्ही निघून आलो.

भाच्याला मी एवढेच सांगितले आहे की सगळे पैसे खरेदीत घालवू नको. ब्रेक ऑइल, इंजिन थंड ठेवणारे कूलंट, इंजिनाचे पट्टे आणि निदान दोन टायर यांचे पैसे बाजूला काढून उरतील त्यांत बसेल तीच गाडी तुझी. इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची लय जुळवणारा पट्टा, कधी बदलला याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असेच धर. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होते. नोंदणी आणि विमा तुझ्या नावावर झाल्याशिवाय राज्याची हद्द ओलांडू नको, कारण दुसऱ्या राज्यात अडवल्यावर आधीच्या मालकाला फोन लावत बसणे फार अवघड असते. आणि गाडी घेतल्यावर लगेच निघू नको. आधी जवळपासच चार-सहा वेळा पूर्ण सामान भरून, चढ-उतार असलेल्या रस्त्यावर चालवून पाहा. सुटीचे दिवस कमी आहेत, हे त्याचे म्हणणे खरे आहे, तरीही.

माझ्या यादीतल्या ज्या मित्रमैत्रिणींना आपली जुनी गाडी विकायची आहे, त्यांना एक मागणे आहे. सर्व्हिसिंगची बिले असतील तेवढी एका फाइलमध्ये लावून गाडीबरोबर द्या, ठाऊक असलेले दोष आपणहून सांगा, मेकॅनिक आणू का असे कुणी विचारले तर त्याला वेळ द्या, आणि गाडी दाखवण्याच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन चकचकीत करू नका, कारण ऑइल कुठून गळते याच्या खुणा त्या धुळीतच दिसतात.