राउटरशिवाय बेंच सपाट होत नाही, हे खरं नाही

सोलापुरात हौशी सुतारकाम करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: हाताच्या रंध्याने सुतारकामाच्या बेंचचा माथा (वरचा पृष्ठभाग) सपाट होणं अशक्य, राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं मशीन) आणि तो सरकवायचे रूळ पाहिजेतच, नाहीतर बेल्ट सँडर (फिरत्या सँडपेपरच्या पट्ट्याने घासणारं मशीन) फिरवा, एकदा सपाट केला की पुन्हा बघायला नको. नवी पोरं हे वाचून रंधा हातात घ्यायच्या आधीच मशीनच्या भाड्याची चौकशी करू लागतात, म्हणून लिहितोय.

राउटर रुळांवर सरकतो. रूळच पिळलेले असतील तर तोच पीळ माथ्यावर उतरतो. तो तपासायला शेवटी दोन सरळ पट्ट्याच लागतात. एक या टोकाला आडवी, दुसरी त्या टोकाला. डोळा खाली आणून जवळच्या पट्टीवरून लांबची बघायची. वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत की कुठले कोपरे वर आलेत ते कळतं. ते कोपरे आधी उतरवा. मग 14 इंची जॅक रंधा, पात्याची धार किंचित गोलाकार, लाकडाच्या रेषेला (म्हणजे तंतूंच्या दिशेला) आडवा मारा. आडवा मारताना कमी जोरात जाड छिलका निघतो. फक्त पलीकडची कड आधी तिरकी घासून घ्या, नाहीतर कपच्या उडतात. मग दोन्ही बाजूंनी तिरपा मारा. शेवटी 22 इंची लांब रंधा रेषेच्या दिशेने. त्याचा लांब तळ खळग्यात उतरत नाही, उंचवटेच कापतो. माथ्यावर पेन्सिलीने रेघोट्या ओढून ठेवा. जिथे त्या पुसल्या नाहीत तिथे खळगा. आधी छिलके तुकड्या-तुकड्यांनी येतात, मग टोकापासून टोकापर्यंत सलग. तो सलग छिलका निघाला की जो आनंद होतो, तो पोरांना मिळायलाच हवा.

बेल्ट सँडर तर नकोच. त्याचे कण लाकडात रुततात आणि पुढे रंध्याची धार खातात.

आणि ‘एकदाच करा’? मे महिन्यात इथे पारा 42 च्या वर जातो, लाकूड आकसतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की फुगतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे रुंद माथा वर्षभर हलत राहतो. दरवेळी रूळ बांधत बसण्यापेक्षा धार लावलेला लांब रंधा चार हात मारून काम भागतं. मागच्या कडेला थोडा खळगा राहिला तरी चालेल, शिकंज्याजवळचा (लाकूड घट्ट धरायच्या पकडीजवळचा) भाग मात्र काटेकोर ठेवा.