सप्टेंबरातला लेबकुखन, बारमाही चकली

जर्मनीत सप्टेंबर लागला की सुपरमार्केटच्या दाराशीच लेबकुखनचे ढीग दिसू लागतात. मध, दालचिनी, लवंग घातलेला हा मऊ, बिस्किटासारखा प्रकार ख्रिसमसचा, आणि लोक अजून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडत असतात. ऑफिसात दरवर्षी यावर कुरकुर होते. त्याच संध्याकाळी कुरकुरणाऱ्यांच्या ट्रॉलीत एक पुडा असतोच.

त्याच सुमाराला आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरी कुरकुर सुरू होते. चकली-चिवडा आता बारा महिने मिळतो, दिवाळीच्या फराळाचं अप्रूपच गेलं. मग पुढचा वाद ठरलेला: फराळ घरी करायचा की विकत आणायचा? ‘घरच्या चवीला तोड नाही’ म्हणणारे काका-मामा एकीकडे, नोकरी सांभाळून दमलेल्या वहिन्या दुसरीकडे. काकांपैकी कढईपुढे कोण उभं राहतं, असं विचारलं की ग्रुप गप्प. थोड्या वेळाने कुणीतरी सुप्रभातचं चित्र टाकतं.

इथे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या काळात घरोघरी छोटी बिस्किटं भाजतात. दुकानात हवी तेवढी मिळत असली तरी. रविवारी बाजार बंद, बाहेर चिखल आणि चार-साडेचारलाच अंधार, मग करणार काय? शेजारच्या घरी एकदा पाहिलं: आजोबा पीठ लाटतायत, बाबा ट्रेवर कागद घालतोय, मुलं साच्याने चांदण्या कापतायत आणि जमेल तेवढं कच्चं पीठ खातायत. आई सोफ्यावर पेपर वाचत होती. (सगळीकडे असंच असतं असं नाही, डिसेंबरात इथल्या बायकाही वैतागलेल्या दिसतात.) श्टोलन हा सुक्यामेव्याचा ख्रिसमसचा केक मात्र माझ्या ओळखीतले बहुतेक जण सरळ बेकरीतून आणतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे नानखटाईचं तसंच तर होतं. मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या काळ्या पडलेल्या ट्रेवर सगळ्यांनी मिळून गोळे थापायचे, भट्टीतून निघाले की पत्र्याच्या डब्यात भरायचे. डबे बदलू नयेत म्हणून झाकणावर नाव. करंज्या लाटायला शेजारणी यायच्या, आज तुमच्याकडे तर उद्या आमच्याकडे. कामं तेव्हाही बायकांच्याच गळ्यात होती, पण निदान बोलायला चारजणी असायच्या. आता फ्लॅटमध्ये एकटीने रात्री अकराला चकल्या तळायच्या, त्याही सकाळची लोकल डोक्यात ठेवून, आणि वर ‘यंदा जरा कडक झाल्या’ हे ऐकायचं. म्हणून माझं मत विकतच्या बाजूने आहे. घरी एखादाच पदार्थ करा, पण त्याला घरातल्या सगळ्यांचे हात लागू द्या.

दुरून सल्ले द्यायला काय जातं, असं कुणी म्हणेल. तर इथली गंमतही ऐका. दिवाळीला सुट्टी नाही, त्यामुळे मंडळाची दिवाळी जवळच्या शनिवारी. घरून भेट म्हणून आलेलं पार्सल ४५ युरोंपर्यंतच करमुक्त. येताना बॅगेत साजूक तूप आणायची बंदी, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. आणि चकली तळायला घेतली की दिवाणखान्यातला धुराचा अलार्म कोकलतो. पॅसेजमध्ये टांगलेल्या जाकिटांना तळणीचा वास लागतो तो वेगळाच.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आलंय, त्यामुळे रजेचा प्रश्न मिटला. आमचा घरचा पदार्थ शंकरपाळे: लाटणं नवऱ्याकडे, कातणं मुलीकडे. अलार्ममुळे ते ओव्हनमध्ये भाजायचे असं ठरतंय. चवीला बिस्किटंच लागणार, हे काकांनी आत्ताच सुनावलंय. सामान मात्र शनिवारीच भरून ठेवायला हवं. रविवारी पिठीसाखर संपली तर शेजारच्या आजोबांचं दार वाजवण्यावाचून इलाज नाही.