जुनी सातवी, नवी सातवी

महिन्यातनं दोनदा मी येरवड्याला जातो. हे वाक्य पहिल्यांदा सासरी बोललो तेव्हा सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवून बायकोकडं बघितलं, आणि बायकोनं लगेच खुलासा करायचा सोडून दोन मिनिटं मजा बघितली. तर जेल नाही, आणि तुमच्या मनात आलं ते दुसरं हॉस्पिटल पण नाही. पुण्याचं गोल्फचं मैदान येरवड्यात आहे, त्याला मी काय करू.

आता सोलापूरच्या माणसाला गोल्फ कुठनं लागलं, तर टॉवेलमुळं. आमचा टेरी टॉवेलचा धंदा. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका पार्टीची ऑर्डर आली, छोटे टॉवेल आणि प्रत्येकाच्या कडेला रिंग बसवलेलं एक भोक. आमचा कामगार म्हणाला, शेट, भोक पडलेला माल आपल्याकडं रिटर्न येतोय, आणि हे पैसे देऊन पाडून घ्यायलेत? मला पण कळेना, म्हणून पार्टीनं मला मैदानावरच नेलं, की बघा, हा बॅगेला लटकवायचा आणि काठी पुसायची. तिथं मी एक बॉल मारला. एकच. तो असा सुटला की हातात काही लागल्याचंच कळलं नाही. त्यानंतरचे शंभर नाही सुटले, पण पहिला सुटला ना, तिथंच घात झाला.

पार्टीनंच त्यांचा जुना सेट बिलात वळता करून दिला, तीन नंबरच्या काठीपासनं वेजपर्यंत (नंबर वाढेल तसा बॉल उंच उडतो पण जवळ पडतो, आणि वेज म्हणजे सगळ्यात जवळच्या फटक्याची शेवटची काठी), सगळे ब्लेड. ब्लेड म्हणजे मागनं सपाट, वरनं बघितलं तर सुरीसारखं पातळ, दिसायला एकदम देखणं. पण बरोबर मधे लागला तर लागला, अर्धा इंच इकडं तिकडं झाला की जानेवारीतल्या सकाळी, गड्डा जत्रेच्या थंडीत, दोन्ही मनगटांना असा झटका बसतो की विजेच्या बोर्डात बोट घातल्यासारखं. प्रॅक्टिस गच्चीवर. दोरीवर डबल सोलापुरी चादर टाकायची आणि तिच्यावर बॉल मारायचा. जीआय मिळालेली चादर आहे, दोन वर्षं मार खातेय, एक धागा नाही निघाला. शेजारचा मित्र मात्र त्याच्या गच्चीवरनं रोज विचारतो, "काय करलालास बे? धूळ झाडायला काठी लई बारीक घेतलास."

तर आता नवीन आयर्न, म्हणजे ह्या नंबरवाल्या लोखंडी काठ्या, घ्यायचे ठरले. पुण्यातल्या दुकानात फोन केला, तिकडनं एक गोड आवाजाचा मुलगा म्हणाला, सर, किती खेळता, किती स्कोअर येतो. मी खरं सांगितलं. तो एक सेकंद थांबला आणि म्हणाला, "मग तुम्ही इम्प्रूव्हिंग प्लेअर." आमच्या प्रगतिपुस्तकात गुरुजी नापास करायच्या आधीच्या सहामाहीला "प्रगती होत आहे" लिहायचे, तोच सूर. त्यांच्याकडं म्हणे तीन खाती असतात, एक पक्क्या खेळाडूंचं, एक नवशिक्यांचं, आणि मधलं आमच्यासारख्यांचं, म्हणजे ज्यांना आपण पहिल्यात आहोत असं वाटतं आणि दुकानदाराला ते दुसऱ्यातले आहेत हे माहीत असतं.

मग म्हणाला, यायच्या आधी उंची आणि मनगटापासनं जमिनीपर्यंतचं माप पाठवा. आता हे माप स्वतःचं स्वतः घेऊन बघा एकदा. वाकलात की मनगट खाली जातं आणि नाही वाकलात तर टेप दिसत नाही. म्हणून सोलापूरच्या नव्या पेठेत आमच्या टेलर मास्तरांकडं गेलो. मास्तरांनी गेली पंचवीस वर्षं माझ्या पोटाचा घेर गप्पपणे वाढवून घेतलाय, एका शब्दानं कधी बोलले नाहीत, त्यामुळं माणूस विश्वासाचा. म्हटलं मास्तर, मनगट ते फरशी माप घ्या. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं, टेपचं पितळी टोक मनगटाच्या घडीवर धरलं, गुडघ्यावर बसले आणि तिथनंच विचारलं, "बाही फरशीपर्यंत सोडायची का?"

मी समजावलं. मग म्हणाले चप्पल काढा. मी म्हटलं नाही, बुटासकट घ्यायला सांगितलंय. तर चाळीस वर्षांत चपलेवर माप घेतलेलं नाही म्हणाले. शेवटी दोन्ही मापं घेतली, वहीत माझ्या नावापुढं 33 लिहिलं आणि त्याच्यापुढं कंसात "काठी". उजव्या हाताचं झालं की आपणहून डाव्याचं पण घेतलं, अर्धा इंच फरक निघाला. "सगळ्यांचाच असतो, आम्ही सांगत नाही" म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे. बरोबर शेंगाचटणीचा पुडा, कारण दुकानदाराशी भाव करायच्या आधी चटणी टेबलावर ठेवायची ही आपली पद्धत. मुलानं आधी माझा जुना सात नंबर मारायला लावला. समोर स्क्रीनवर आकडे आले, 118 यार्ड. मग नवीन सात नंबर दिला, मागनं पोकळ, साबणाच्या डबीसारखा, तळवा जाड, वरनं बघितलं तर उलथणंच. ह्याला कॅव्हिटी बॅक म्हणतात, मधलं लोखंड काढून कडेला नेलेलं असतं, म्हणून बॉल मधे नाही लागला तरी काठी हातात कमी वळते आणि बॉल बऱ्यापैकी सरळ जातो. ही कडेला वजन नेण्याची गोष्ट गाजवली कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरनं, जनरल इलेक्ट्रिकमधे नोकरी करता करता स्वतःला पटिंग, म्हणजे बॉल हळूच ढकलून भोकात घालणं, जमेना म्हणून ह्यानं घराच्या गॅरेजमधे स्वतःचा पटर बनवला, तो बॉलला लागला की पिंग असा आवाज यायचा, तेच नाव देऊन 1959 मधे कंपनी काढली. मला हा माणूस फार जवळचा वाटला. जमत नाही तर सराव वाढवा असं न म्हणता अवजारच बदललं.

तर उलथण्यानं मारला. 137! मी मागं वळून बघितलं, कोणी बघितलं का. मुलगा म्हणाला, बघा सर, एका झटक्यात एकोणीस यार्ड. मी खिशात हात घालणारच होतो, पण धंदेवाल्याचं रक्त, विचारलं, ह्याचा लॉफ्ट किती. लॉफ्ट म्हणजे काठीचं तोंड किती अंशांनी मागं कललंय ते, जितकं कमी तितका बॉल लांब आणि खाली. माझ्या जुन्या सातचा 36. ह्याचा? मुलगा जरा हळू आवाजात म्हणाला, 29.

29 म्हणजे माझ्या जुन्या सेटमधला पाच नंबर! तळाला सात कोरलंय, आत पाच बसलाय. आमचे आजोबा आयुष्यभर ऐकवायचे, आमची सातवी म्हणजे तुमचं मॅट्रिक, व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मास्तर व्हायचा. आणि इथं पाचवीच्याच पोराला सातवीचा दाखला देऊन बसवलाय, आणि तो पहिला आला म्हणून मी पेढे वाटायला निघालेलो. वर आणखी एक गोम आहे, सगळे नंबर असे सरकवले की सेटमधला वेज 43 वर येतो, आणि पुढचा वाळूतला वेज 56 चा, मधे एवढं मोठं खिंडार. ते बुजवायला आणखी एक वेज घ्या. त्याचे पैसे अर्थातच वेगळे. टॉवेलच्या धंद्यात आम्ही सेंटीमीटर चोरतो असं लोक म्हणतात.

तरीपण खरं सांगायचं तर मला ते उलथणं आवडलं होतं. चार बॉल वाकडेतिकडे लागले तरी मनगटाला एकदासुद्धा झटका नाही. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी देखणेपणाला घेऊन काय चाटायचंय. मग शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, स्टीलचा का ग्रॅफाइटचा, रेग्युलर म्हणजे जरा लवचीक का स्टिफ म्हणजे ताठ, ह्यावर तासभर गेला. स्टिफ म्हटलं की मर्दानी वाटतं, पण स्क्रीनला मर्दानगी कळत नाही, रेग्युलरवर आलो. सातचा लॉफ्ट 31 असलेला एक मधला सेट निघाला, पाच ते वेज, 80 हजार, चटणीनं दोन हजार कमी झाले.

राहिला एक्सचेंज. जुना सेट मोजून मुलगा म्हणाला, सर, तीन नंबर नाही ह्यात. पूर्ण सेट असेल तर भाव येतो.

घरी फोन लावला. आईनं उचलला. तीन नंबर आईकडं असतो. तो मला कधीच लागला नाही, तो भल्याभल्यांना लागत नाही, म्हणून तो गच्चीवरच राहिला आणि आईनं उचलला. आधी कुरडयांवरची कबुतरं हाकलायला, मग टाकीचं झाकण सरकवायला, आणि आता पाणी मोजायला. आमच्याकडं नळाला रोज पाणी कुठलं, त्यामुळं पाण्याच्या दिवशी आई ती काठी उलटी करून वापराच्या टाकीत सोडते, रबरी मूठ तळाला आणि तोंड हातात, लोखंडाच्या मानेपर्यंत ओलं झालं की मोटर बंद.

"आई, ती काठी दुकानात द्यायची आहे, नवीन सेट घेतलाय."

"नवीनमधे ही आहे का?"

"नाही गं, आता पाचपासनंच येतो. लांबीला पण कमी."

पलीकडं थोडा वेळ नुसता मोटरचा आवाज.

"मग पाणी कशानं बघायचं?"