हेली कोइवुलाचे 14.83 मीटर

फिनलंडची तिहेरी उडीपटू हेली कोइवुला हिचं नाव निघालं की आकडा सांगितला जातो 14.39 मीटर. 2003 चा तिचा राष्ट्रीय विक्रम. माझ्या मते तिची कारकीर्द या आकड्यावरून जोखणं चूक आहे. 2002 च्या म्युनिकच्या युरोपियन स्पर्धेत ती 14.83 उडी मारून दुसरी आली होती. पहिली आलेली ब्रिटनची ॲशिया हॅन्सन, बरोब्बर 15.00. दोन्ही उड्यांना वाऱ्याची जादा साथ होती, त्यामुळे पदकं मिळाली, पण विक्रमांच्या यादीत उड्या गेल्या नाहीत.

नियम सरळ आहे. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला 2.0 मीटरपर्यंत चालतो. वारामापक उडी घेण्याच्या फळीच्या 20 मीटर अलीकडे, जमिनीपासून 1.22 मीटर उंचीवर असतो. खेळाडू फळीपासून 35 मीटरवरची खूण ओलांडते तेव्हा मोजणी सुरू होते आणि पाच सेकंदांची सरासरी धरतात. म्हणजे मोजला जातो तो मुख्यतः धावण्यातला वारा. ती वाळूत पडण्याआधीच मोजणी संपलेली असते!

वारा पाठीशी असला की उडी आपोआप लांबते, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिहेरी उडी नीट पाहिलेली नाही. लांब उडीत एकदा पाय टेकला की सुटलात. इथे त्यानंतर आणखी दोनदा एकेका पायावर उतरून पुन्हा उडायचं असतं. वाऱ्यामुळे वेग वाढतो, पावलं लांबतात आणि पाय फळीपलीकडे पडून फाउल होतो. म्हणून धाव सुरू करण्याची खूण वितभर ते फूटभर मागे घ्यावी लागते. फळी सापडली तरी पहिली उडी, म्हणजे हॉप, उंच आणि लांब जाते. त्याच पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार येतो, गुडघा दुमडतो आणि मधली उडी, म्हणजे स्टेप, आखूड पडते. तिथे गेलेला वेग शेवटच्या उडीत भरून निघत नाही. अशा वाऱ्यात हॉप मुद्दाम सपाट ठेवावी लागते, आणि जोशात नेमकं तेच जमत नाही.

विक्रमासाठी वाऱ्याची मर्यादा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण 14.39 आणि 14.83 मधले 44 सेंटीमीटर सगळे वाऱ्याच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. (तिचा नवरा थाळीफेकपटू फ्रांत्स क्रुगर. थाळीफेकीत वारा मोजतच नाहीत, हेही गमतीचंच.)

पुढे 2021 मध्ये फिनलंडच्याच सेन्नी साल्मिनेननं 14.63 मारली. 2022 ची युरोपियन स्पर्धा पुन्हा म्युनिकलाच झाली. तिथे फिनलंडच्याच क्रिस्टीना मॅकेलानं 14.64 मारून रौप्य घेतलं. एका सेंटीमीटरनं राष्ट्रीय विक्रम, आणि वारा नियमात! युक्रेनची मारिना बेख-रोमानचुक 15.02 वर होती. तरीही मॅकेलाचा हा विक्रम कोइवुलाच्या म्युनिकमधल्या उडीपेक्षा 19 सेंटीमीटर कमीच आहे.